पान बासष्ट, खालचा परिच्छेद

भाग्यलक्ष्मी अक्का, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं की मी तुमचं नाव सांगतो. मग पुढचा प्रश्न येतो, "त्या तुमच्या कोण?" तिथे माझी पंचाईत होते. तुम्ही नात्यातल्या नाही, गावच्या नाही, माझ्या शिक्षिकाही नाही. तुम्ही सोलापूरच्या, घरी विड्या वळणाऱ्या. मी केम गावचा, जन्मापासून अंध. आपली ओळख फोनवरच्या एका ग्रुपमध्ये झाली आणि तीन वर्षांत आपण एकदाही समोरासमोर आलो नाही. हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा आवाज बदलतो. "ऑनलाइन होय," असं म्हणून तो दुसरा विषय काढतो. म्हणून इतरांना सांगणं सोडून हे तुम्हालाच सांगतो आहे. तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले.

त्या ग्रुपमध्ये माझ्यासारखी मुलं आपल्याला कोणतं पुस्तक हवं ते सांगायची आणि डोळस माणसं ते वाचून, आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. दहावीपर्यंत मला ब्रेलमध्ये पुस्तकं मिळाली होती. टेंभुर्णीला मामांकडे राहून कॉलेजला जायला लागलो, तेव्हा कळलं की बी.ए.चं समाजशास्त्र ब्रेलमध्ये नाही, आणि फोनमधलं मशीन मराठी पानाचा फोटो वाचताना निम्मे शब्द चिरडून टाकतं. मी ग्रुपवर लिहिलं, वाचक हवा. तासाभरात सात जण तयार झाले. एकाने पहिलं प्रकरण नाटकातल्यासारखं वाचलं, दुसरं कधी आलंच नाही. एका ताईंनी दोन प्रकरणं वाचली आणि मग मी जेवतो कसा, हे विचारायला सुरुवात केली. एका साहेबांनी अख्ख्या पुस्तकाचा चार पानी सारांश वाचून पाठवला. म्हणाले, तुला एवढं पुरे. मी त्यांना नावं ठेवत नाही, सगळी चांगली माणसं होती. पण महिना संपत आला आणि माझ्याकडे एकही पूर्ण पुस्तक नव्हतं. तेव्हा तुमचा मेसेज आला. "मी दहावी पास आहे. चालेल का?"

चालेल म्हणालो. दुसरं कुणी उरलंच नव्हतं, हे आता कबूल करतो.

तुमच्या घरी मात्र मी चालत नव्हतो. तुमच्या मुलीला, रेणुकाला, शंका होती की हा कोण कुठला पोरगा, बाईमाणसाचा आवाज रोज मागतो. तुम्ही हे माझ्यापासून लपवलं नाही. "आमची पोरगी म्हनती, आंधळा हाय कशावरून? सर्टिफिकेट पाठव म्हनावं." मी चिडलो नाही. मीही तिच्या जागी असतो तर हेच विचारलं असतं. पेटीतून जाड लागणारा कागद काढला, खाटेवर पसरला, फोटो काढला, पाठवला. पाच मिनिटांनी तुमचा आवाज आला. मागे कुणीतरी हसून हसून खोकत होतं.

"तम्मुडू, हे लाईटबिल हाय. ते पन उलटं."

आणि मागून रेणुका, "अम्मा, वाच त्याला काय पायजे ते. खराच आंधळा हाय."

तम्मुडू म्हणजे तेलुगूत धाकटा भाऊ. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, शिवी असेल.

मग माझ्याकडचं एकुलतं एक पुस्तक तुम्हाला टपालाने पाठवायचं ठरलं. मामी म्हणाल्या, "तोंड न बघितलेल्या बाईला पुस्तक देतोस व्हय रं?" मी म्हणालो, "मामी, मी तुमचं तरी तोंड कुठं बघितलंय?" मग पुस्तक त्यांनीच कापडात बांधून दिलं.

तुमचं पहिलं रेकॉर्डिंग मी अजून जपून ठेवलं आहे. इतर वाचक एकदम प्रकरणात शिरायचे. तुम्ही पुठ्ठ्यापासून सुरुवात केलीत. पुठ्ठा निळा आहे, कोपरा दुमडला आहे, आत आधीच्या कुणा मुलीने पेनने फूल काढलं आहे. मग पान क्रमांक, मग मजकूर. शेजारच्या कारखान्यातले कापडाचे माग जेवणाच्या सुट्टीत बंद व्हायचे, तेवढ्याच वेळात तुम्ही वाचायचात. म्हणजे तुमची स्वतःची जेवणाची वेळ तुम्ही मला दिली होती, हे कळायला मला वर्ष लागलं. मागे रेणुकाची कात्री चालू असायची, विडीची पानं कापणारी, कच् कच्. आणि कधी माग ठरलेल्या वेळेआधी सुरू झाले की तुम्ही वाक्य पुरं करून म्हणायचात, "आलं बघ वादळ. उद्या."

आठव्या की नवव्या पानावर तुम्ही थांबलात. "हितं एक शब्द हाय, माझ्या तोंडात बसंना. अक्षरं सांगते, तू जोड." आणि एकेक अक्षर सांगितलंत. अक्का, तुम्हाला ते कमीपणाचं वाटलं असेल, कारण पुढे तुम्ही म्हणालात, "हसू नको." मी हसलो नव्हतो. माझा तुमच्यावरचा विश्वास तिथे सुरू झाला. चांगलं शिकलेली माणसं वाचताना अडखळली की तो शब्द घाईने चघळून पुढे जायची आणि मला कधीच कळायचं नाही की खाली खड्डा होता. तुम्हाला जे येत नव्हतं ते तुम्ही सांगत होता. त्यामुळे बाकीच्या ठिकाणी मी निर्धास्त पाय टाकू शकत होतो.

आकृत्या तर तुमच्यासारख्या कुणीच सांगितल्या नाहीत. समाजाच्या थरांचं ते चित्र आठवतं? "हितं एक त्रिकोन हाय. वर दोनच मानसं, खुर्चीवर बसल्यात. मधी थोडी. खाली लई मानसं हाईत, पन काढनाऱ्यानं त्येंची तोंडं काढली न्हाईत. नुसती गोल गोल डोकी." परीक्षेत मी हे जवळजवळ असंच माझ्या लेखनिकाला सांगितलं. तो थांबला आणि म्हणाला, तोंडांचं पण लिहू? मी म्हणालो, लिही.

पहिल्या वर्षी मी सगळ्या विषयांत पास झालो. तेव्हापासून आपला तो वाद सुरू झाला, जो आता अर्धाच राहिला. मी म्हणायचो, अक्का, तुम्ही माझ्याइतकीच पुस्तकं वाचता, मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरा, परीक्षेला बसा. तुम्ही म्हणायचात, "मला वाचायचं हाय की. पास कशाला व्हायचं?" मी म्हणायचो, हे बरोबर नाही. तुम्ही म्हणायचात, "तू पास हो, मी वाचते. वाटून घेतलंय आपन." भेटायचा विषय काढला तरी तुम्ही टाळायचात. "समोर बसलास की मला लाज वाटंल. आता मी भिंतीला वाचते, तू मधी येऊ नको." मला तुमचं पटत नव्हतं. आजही पटलेलं नाही.

पण खरं भांडण दुसऱ्या वर्षी झालं. ते इथे लिहिलं नाही तर हे सगळं लिहिणं खोटं ठरेल.

एका सकाळी चाचणीच्या आधी मी आणि गणेश कॉलेजच्या पायरीवर बसलो होतो. गणेश माझ्या वर्गातला, मोठ्याने वाचल्याशिवाय त्याच्या डोक्यात काही शिरत नाही. तो पुस्तकातून वाचत होता आणि मी मनातल्या मनात त्याच्या पुढे चाललो होतो, कारण ते प्रकरण मला तुमच्या आवाजात पाठ होतं. मधेच तो भलतंच काही वाचायला लागला. जन्मांध व इतर अपंग व्यक्ती उत्पादनात भाग घेऊ शकत नाहीत, त्यामुळे त्या कुटुंबावर आणि समाजावर कायमचा भार असतात, असं काहीतरी.

"हे कुठलं वाचतोयस?"

"आपलंच की. पान बासष्ट, खालचा परिच्छेद."

"आपल्या पुस्तकात हे नाही."

"न्हाय कसं? हे काय, बघ की." मग तो माझ्याजवळ सरकला. हळूच म्हणाला, "हाय रं दत्त्या. तुला वाचलं नव्हतं का कुनी?"

घरी येऊन मी ते रेकॉर्डिंग कितीतरी वेळा ऐकलं. तुमचा आवाज सरळ चालला होता. पण त्या जागी मागच्या कात्रीचा आवाज अर्ध्यातच तुटत होता. तुम्ही रेकॉर्डिंग थांबवलं होतं आणि परिच्छेद ओलांडून पुन्हा सुरू केलं होतं.

मी लिहिलं, "पान बासष्ट. खालचा परिच्छेद कुठे गेला?"

त्याच दुपारी तुमचा आवाज आला. "गाळला मी."

"का?"

"तुला कशाला ऐकवू असलं? जेवनात कुनी माती वाढतं का?"

"माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला कळायला नको?"

"तुझ्याबद्दल कुटं लिहिलंय? त्या लिहिनाऱ्याला तू म्हाईत तरी हाईस का?"

तुमचं उत्तर बिनतोड होतं, आणि त्यामुळे मी आणखी चिडलो. अक्का, लहानपणापासून घरी पाहुणे आले की डोळस माणसं माझ्या डोक्यावरून एकमेकांना खुणा करतात. मला खुणा दिसत नाहीत, पण बोलणं मधेच थांबून जी पोकळी पडते ती मला ऐकू येते. माझं शिक्षण पुढे चालू ठेवायचं की नाही हेसुद्धा माझ्यासमोर बसून खुणांनी ठरलं होतं. पुस्तक ही एकच जागा होती जिथे मला वाटायचं की समोरच्याला जे आहे तेच मलाही आहे. मी लिहिलं, "अक्का, तुम्हीपण खूण केलीत."

त्यानंतर अकरा दिवस तुमच्याकडून काही आलं नाही. मीही काही पाठवलं नाही. दुसरा वाचक शोधावा असं मनात आलं आणि ग्रुपवर लिहायला फोन हातातही घेतला. काय लिहायचं तेच सुचलं नाही.

बाराव्या दिवशी तुमचं रेकॉर्डिंग आलं. "पान बासष्ट. वरपासून सगळं वाचते." तो परिच्छेद तुम्ही न थांबता, आवाज न चढवता, न उतरवता, बाकीच्या पानांसारखाच वाचलात. मग म्हणालात, "हितं पुस्तकातलं संपलं. आता माझं. मला ह्यातलं काय बी पटलं न्हाय. पन ते पुस्तकात न्हाय, माझ्याजवळ हाय. तम्मुडू, चुकलं माझं."

मी एवढंच लिहिलं, "मिळालं."

त्या दिवसापासून प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी तुम्ही म्हणायला लागलात, "काय गाळलेलं न्हाय." मी तसं मागितलं नव्हतं. पुढच्या दीड वर्षात तुम्ही हे शेकडो वेळा म्हणालात, एकदाही विसरला नाहीत. आता तुम्ही तळटीपाही वाचायचात, छापखान्याचं नावही. "हितं कागद फाटलाय, तीन-चार शब्द गेल्यात, अंदाजानं सांगू का तसंच सोडू?" असं विचारून ठेवायचात. इतर कुणी ही शिस्त लावून घेतली असती तर त्यात रुसवा ऐकू आला असता. तुमच्या आवाजात तो कधी नव्हता. चुकल्यावर माणसाने कसं वागावं हे मला कुठल्याच प्रकरणात सापडलं नाही, ते तुमच्या त्या तीन शब्दांत सापडलं.

आणि मी काय केलं? मी तुम्हाला तपासलं.

ग्रंथालयातून तेच पुस्तक काढलं. गणेश ते उघडून बसायचा, मी तुमचा आवाज लावायचो आणि तो बोटाने ओळी पाहायचा. कुणाला सांगू नको म्हणालो. पहिल्या आठवड्यात तो उत्साहाने बसला. दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, "अरं, ही बाई किंमत पन वाचती, पत्ता पन वाचती." तिसऱ्या आठवड्यात त्याने एकदा ओरडून थांबवलं, "सापडलं, ओळ गाळली!" मग पाहिलं तर त्याचीच दोन पानं एकदम उलटली होती. महिना झाल्यावर त्याने पुस्तक मिटलं. "दत्त्या, आता बास. मला लाज वाटाय लागलीया."

मलाही वाटत होती. म्हणून मी हे तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही रोज शेवटी "काय गाळलेलं न्हाय" म्हणायचात आणि मी रोज "मिळालं" लिहायचो. त्या एका महिन्याचं माझ्याकडचं मी गाळत होतो.

शेवटच्या वर्षी तुम्ही वाक्याच्या मधे श्वास घ्यायला थांबायला लागलात. मी विचारलं, आवाज बसलाय का? तुम्ही म्हणालात, "तंबाखूची धूळ हाय रे, घशात जाती." मला माझ्या कानांचा फार अभिमान. कोण थकलंय, कोण खोटं बोलतंय, मला आवाजावरून कळतं असं मी सगळ्यांना सांगत फिरतो. तुमच्यावर मी पूर्ण विश्वास ठेवला. शेवटची दोन पुस्तकं तुम्ही दवाखान्याच्या फेऱ्यांमधून वाचलीत, हे मला आता रेणुकाकडून कळलं. यावर मला तुमच्याशी भांडायचं आहे. पुस्तकातला एक परिच्छेद गाळला म्हणून मी अकरा दिवस बोललो नाही, आणि एवढं मोठं गाळलंत त्यावर एक दिवसही भांडायला तुम्ही थांबला नाहीत. पण भांडायला बसलो की आठवतं, तुम्ही दम लागलेला असताना तळटीपाही सोडल्या नाहीत. मग राग पुढे सरकत नाही.

निकाल लागला त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी पदवीधर झालं. आई रडली, मामांनी गल्लीत पेढे वाटले. तुम्हाला फोन लावला तर तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "म्हंजी मी पन बी.ए. झाले की." त्यानंतर दोन दिवसांनी मी तुम्हाला पत्र पाठवलं. आवाजी निरोप का नाही पाठवला, तर मला खात्री नव्हती की मी ते बोलून पुरं करू शकेन.

आठवड्याने एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "लाईटबिलवाला तम्मुडू तूच का? मी रेणुका." पुढचं तिला सांगता येईना, आणि तिने सांगण्याची गरजही उरली नव्हती.

गणेश मला एस.टी.ने सोलापूरला घेऊन आला. तुमच्या गल्लीत तो लोकांना पत्ता विचारत होता. मला विचारावं लागलं नाही. तुमच्या शेजारच्या कारखान्यातल्या एका मागाचा ठोका लंगडा पडतो, तीन सारखे आणि चौथा जड. तीन वर्षं तो तुमच्या आवाजाच्या आधी आणि नंतर ऐकला होता. मी गणेशचा हात धरून वळलो आणि दारात थांबलो. रेणुकाने मला हाताला धरून तुम्ही बसायच्या त्या जागी बसवलं. समोर हात केला तर खरंच भिंत होती.

मला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायला मला चहा संपेपर्यंत वेळ लागला. "माझं पत्र आलं होतं का?"

"आलं की. गेल्या मंगळवारी. बारीक अक्षर म्हनून चष्मा लावला अम्मानं."

"मोठ्यानं वाचलं?"

"न्हाय. मनातच वाचलं. मी म्हनलं, काय लिवलंय, वाच की. तर म्हनली, हे माझं एकटीचं हाय." रेणुकाने माझ्या हातातला कप घेतला. "दोनदा वाचलं. हसली. मग म्हनली, उद्या जरा बरं वाटलं की त्याला सांगते."

दुसऱ्या दिवशी तुम्हाला बरं वाटलं नाही. त्यामुळे तुम्ही काय सांगणार होता ते मला माहीत नाही, आणि ते अंदाजाने भरून काढायचं नाही हे मी तुमच्याकडूनच शिकलो. रेणुका पत्र परत देत होती. मी घेतलं नाही. त्याची प्रत माझ्याकडे आहे. ती अशी:

ती. भाग्यलक्ष्मी अक्का यांस साष्टांग नमस्कार.

गुणपत्रिका आज हातात मिळाली. द्वितीय श्रेणी आहे. या कागदाचं काय करायचं असतं ते आमच्या घरात कुणाला माहीत नाही. आई म्हणते, आधी देवापुढे ठेवू, मग बघू.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं आहे. पान बासष्टच्या भांडणानंतर मी महिनाभर तुमचं वाचन गणेशकडून तपासून घेतलं, तुम्हाला न सांगता. काही निघालं नाही. निघालं असतं तर मी लगेच भांडलो असतो. निघालं नाही म्हणूनच सांगायची हिंमत झाली नाही. मी विचारल्याबरोबर तुम्ही त्याच दुपारी कबूल केलं होतं. मला दीड वर्ष लागलं.

चुकलं माझं, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी फक्त "मिळालं" लिहिलं. माफ केलं असं लिहिलं नाही, कारण राग कशाचा आहे तेच मला कळत नव्हतं. घरचे लोक माझ्यापासून कितीतरी गोष्टी लपवतात, त्यांचा मला एवढा राग येत नाही. आता वाटतं, अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवून मी रस्ता ओलांडतो तसा तुमच्या आवाजामागे चाललो होतो. पुढचा खांदा मधेच सरकला की मागचा घाबरतो, आणि घाबरलेला माणूस ओरडतो. मी ओरडलो. माझंही चुकलं.

तुम्हाला रागवायचं असेल तर रागवा. एम.ए.ला मी सोलापुरात येणार आहे. मी भिंतीकडे तोंड करून बसेन, म्हणजे तुम्हाला लाज वाटायची नाही.

हे पत्र मी स्वतः टाईप केलं आहे. प्रिंटही कॉलेजच्या मशीनवर मीच काढली, तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. गणेश पाकिटावर फक्त पत्ता घालेल, आतला कागद मी त्याला तपासायला देणार नाही. त्यामुळे यावर काय उमटलं आहे ते मला माहीत नाही. ओळी वाकड्या असतील, शाई फिकी असेल. पान कोरंच आलं असेल तर कळवा, मी पुन्हा पाठवतो.

आपला,
दत्ता